सेनापती बापट, मुळशीचं धरण आणि डिपेन्डन्सी इंजेक्शन

पुण्यात किंवा मुंबईत राहत असाल तर सेनापती बापट रोड मॅपवर कित्येकदा पाहिला असेल. ज्यांच्या नावाने हा रोड आहे ते पांडुरंग महादेव बापट १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला जन्मले. जावास्क्रिप्टवाल्यांना त्यांचं काय? सांगतो.

बापट पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि १९०४ मध्ये शिष्यवृत्तीवर एडिंबराला मेकॅनिकल इंजिनियरिंगसाठी गेले. तिथे ब्रिटिश राजवटीविरुद्ध बोलले, शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचं इंडिया हाऊस, पॅरिसमध्ये बॉम्बविद्येचे धडे, १९०८ मध्ये परत, काही वर्षं भूमिगत, अटक, सुटका. पारनेरला आल्यावर या विलायत रिटर्न माणसाने गावातले रस्ते आणि गटारं साफ केली. त्या काळात हे धाडस बॉम्बपेक्षा कमी नव्हतं, असं मला वाटतं.

आता मुंबईच्या कापड गिरण्या बघू. प्रत्येक गिरणीचा स्वतःचा बॉयलर, स्वतःचं वाफेचं इंजिन, स्वतःचा कोळसा. आपल्या कोडमध्ये ऑर्डरचा क्लास आतल्या आतच 'न्यू' लिहून पेमेंटचा ऑब्जेक्ट बनवतो, तसंच हे. पेमेंट कंपनी बदलायची तर ऑर्डरचा क्लास फोडावा लागतो, आणि टेस्ट करताना खरं पेमेंट टाळणं अवघड होतं. उपाय सोपा: पेमेंटचा ऑब्जेक्ट बाहेर तयार करायचा आणि कन्स्ट्रक्टरमधून आत द्यायचा. हेच डिपेन्डन्सी इंजेक्शन. अँग्युलर आणि नेस्टजेएस हे काम स्वतः करतात. साध्या फंक्शनला पॅरामीटर दिला तरी चालतं, त्यासाठी फ्रेमवर्क लागत नाही.

टाटांनी गिरण्यांना तेच दिलं. १९१५ पासून खोपोलीची वीज तारेतून मुंबईत येऊ लागली. गिरणीतल्या मोटरला वीज मिळाली की झालं, ती कुठून आली हे मोटर विचारत नाही. नंतरचं एक केंद्र ठरलं भिरा, आणि त्याच्या पाण्यासाठी मुळशीला धरण.

इथेच गोम आहे. डिपेन्डन्सी इंजेक्शनने डिपेन्डन्सी संपत नाही. ती कोण निवडणार, एवढंच बदलतं. वापरणारा क्लास निवांत होतो, निर्णय ॲपच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये जातो. शिवाय प्रत्येक डिपेन्डन्सीच्या खाली आणखी डिपेन्डन्सी असतात. नोड मॉड्यूल्सचं फोल्डर एकदा उघडून बघा! गिरणीच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला मावळातली पन्नासच्या आसपास गावं आणि त्यांची भातखाचरं होती. सगळी जोडणी करणारी फाइल मुंबईत लिहिली गेली. सरकारने १८९४ च्या कायद्याने कंपनीसाठी जमीन घेतली, शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही.

१६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीत सत्याग्रह सुरू झाला आणि बापट त्याचे सेनापती ठरले. यंत्रं शिकलेला माणूस धरणाच्या आड उभा राहिला. काम काही महिने थांबलं, पुन्हा चालू झालं. माणसं तुरुंगात गेली, बापटही गेले. त्यात फूटही पडली: कूळ जमीन सोडायला तयार नव्हतं, पण ज्या सावकारांच्या नावावर जमिनी होत्या त्यांना रोख मोबदला चालत होता. १९२४ मध्ये बांधकामाची रेल्वे अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. गांधीजींच्या अहिंसेत हे बसत नव्हतं, आणि त्यावरचा वाद आजही रास्त आहे.

ते १९३१ ला सुटले, तोवर भिऱ्याचं केंद्र १९२७ पासून चालू झालेलं होतं. पुढे ते फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. नंतर गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते होते. २८ नोव्हेंबर १९६७ ला ते गेले.

मुळशीचं पाणी आजही सह्याद्री उतरून भिऱ्याला जातं, तिथल्या टर्बाइन फिरवतं आणि वीज मुंबईकडे निघते.