स्वाभिमानी धर्मोपदेशक : रिचर्ड ॲलन

गुलामगिरीत जन्मून बिशपपदापर्यंत पोहोचलेले रिचर्ड ॲलन हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासातील एक अग्रगण्य नाव होय. समतेच्या लढ्यांचा अभ्यास करताना आम्हांस त्यांच्या चरित्राचे मोल विशेष वाटते.

त्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १७६० रोजी झाला. बालपणीच त्यांचे कुटुंब डेलावेअरमधील स्टर्जिस नावाच्या शेतकऱ्यास विकले गेले. पुढे त्याच मालकाने त्यांची आई व काही भावंडे विकून टाकली. सतराव्या वर्षी ॲलन मेथॉडिस्ट पंथाकडे वळले. धर्मामुळे गुलाम बिघडतात, हा लोकांचा आक्षेप त्यांनी व त्यांच्या भावाने अधिक कष्ट करून खोडून काढला. कालांतराने एका उपदेशकाचे प्रवचन ऐकून मालकाचेच मन पालटले व त्याने स्वातंत्र्य विकत घेण्याची मुभा दिली. लाकडे तोडून, वीटभट्टीवर राबून ॲलन यांनी २,००० डॉलर फेडले. मग गावोगाव पायपीट करून ते उपदेश करू लागले.

१७८६ मध्ये फिलाडेल्फियातील सेंट जॉर्ज चर्चमध्ये त्यांना पहाटे पाचची उपासना सोपविण्यात आली. कृष्णवर्णीयांची संख्या वाढली, तशी त्यांची आसने वेगळी केली गेली. एके रविवारी प्रार्थना चालू असतानाच ॲलन यांचे सहकारी ॲब्सालोम जोन्स यांना गुडघ्यांवरून ओढून उठविण्यात आले. प्रार्थना संपताच सारे कृष्णवर्णीय एकजुटीने बाहेर पडले. ज्या वास्तूसाठी त्यांनी पैसा व श्रम दिले होते, तिथेच त्यांना समान जागा नाकारली गेली होती. हा अनुभव आमच्या वाचकांना परका वाटणार नाही.

१७९३ मध्ये पीतज्वराने शहरात हजारो माणसे दगावली. ॲलन, जोन्स व त्यांच्या बांधवांनी गोऱ्या रुग्णांचीही शुश्रूषा केली, मृतांना मूठमाती दिली. तरीही त्यांच्यावर लुबाडणुकीचे आरोप झाले. तेव्हा दोघांनी जमाखर्चासह पुस्तिका छापून ते आरोप निराधार ठरविले.

१७९४ मध्ये एका जुन्या लोहारशाळेत बेथेल चर्च उभे राहिले. त्याच्या मालकीवर गोऱ्या धर्माधिकाऱ्यांनी हक्क सांगितला. न्यायालयीन लढ्यात बेथेलची सरशी झाली. १८१६ मध्ये आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला व ॲलन त्याचे पहिले बिशप झाले. २६ मार्च १८३१ रोजी त्यांचे निधन झाले.

अपमानाच्या जागेवरून उठून जाण्याचे धैर्य अनेकांनी दाखविले आहे. उठल्यानंतर स्वतःची संस्था उभारणे, तिचा हिशेब चोख ठेवणे आणि संकटकाळी अपमान करणाऱ्यांचीही सेवा करणे, हे ॲलन यांचे वेगळेपण आम्ही आमच्या माजी विद्यार्थ्यांपुढे आदरपूर्वक ठेवीत आहोत.