सर आयझॅक न्यूटन : सात ग्रह आणि सात धातु

न्यूटनचें नांव घेतांच आपणांस सफरचंदाची गोष्ट आठवते. परंतु त्याच्या आयुष्याचीं सुमारें पंचवीस वर्षें ज्या भट्टीपुढें गेलीं, तिची हकीकत फार थोड्यांच्या कानीं आलेली असते.

आयझॅक न्यूटनचा जन्म इंग्लंडांतील वुल्सथॉर्प या खेड्यांत, त्या वेळच्या पंचांगाप्रमाणें ता. २५ डिसेंबर १६४२ रोजीं झाला. पिता त्यापूर्वींच वारला होता. ग्रँथम येथें शिकत असतां तो एका औषधविक्याच्या घरीं राही. इ. स. १६६१ त तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाला आणि १६६९ त तेथेंच गणिताचा प्राध्यापक झाला. त्याच वर्षीं त्यानें लंडनमध्यें भट्ट्या व रसायनें विकत घेतलीं.

किमयागारांची फार जुनी समजूत अशी होती कीं, आकाशांतील सात ग्रहांचें पृथ्वीच्या पोटांतील सात धातूंशीं नातें आहे. रवीचें सोनें, चंद्राचें रुपें, बुधाचा पारा, शुक्राचें तांबें, मंगळाचें लोखंड, गुरूचें कथील आणि शनीचें शिसें. सोनें सूर्यासारखें तेजस्वी. पारा बुधासारखा चंचल. मंगळ हा रोमन लोकांचा युद्धदेव, म्हणून शस्त्रांचें लोखंड त्याचें. आणि शनि मंदगति, म्हणून जड शिसें त्याच्या वांट्यास आलें. न्यूटननेंही आपल्या वह्यांत धातूंस ग्रहांचींच नांवें व चिन्हें योजिलीं. वसंत व शरद् ऋतूंत सहा सहा आठवडे त्याची भट्टी क्वचितच विझे, असें त्याच्या लेखनिकानें नमूद केलें आहे. तथापि सोनें कांहीं निघालें नाहीं.

त्याच काळांत, १६८७ सालीं, त्याचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रहांभोवतीं फिरणाऱ्या चंद्रांच्या गतीवरून त्या ग्रहांतील द्रव्य किती, हें त्यानें गणितानें काढलें. १७२६ च्या आवृत्तींत सूर्याची घनता १०० धरून पृथ्वीची ४००, गुरूची ९४.५ आणि शनीची ६७ अशी दिली आहे. शिशाचा स्वामी मानलेला शनि या चौघांत सर्वांत विरळ ठरला! आज तर तो पाण्याहूनही विरळ असल्याचें सिद्ध झालें आहे.

१६९३ त न्यूटनची झोंप उडाली व मन भ्रमलें. १९७९ सालीं त्याच्या केसांच्या तपासणींत पारा पुष्कळ आढळला; आजाराचें कारण तेंच, असें कांहीं विद्वान् मानतात, कांहीं मानीत नाहींत.

१६९६ त तो लंडनच्या सरकारी टांकसाळीवर अधिकारी झाला. भट्टींत न सांपडलेलें सोनें आतां रोज त्याच्यासमोर तराजूंत पडूं लागलें. १७०५ त त्यास ‘सर’ ही पदवी मिळाली. २० मार्च १७२७ रोजीं तो वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें त्याचें दफन झालें. किमयेवरील त्याचे सुमारें दहा लक्ष शब्दांचे कागद छापण्यास अयोग्य म्हणून पडून राहिले. १९३६ त त्यांचा लिलांव झाला, तेव्हां अर्थशास्त्रज्ञ केन्स यानें त्यांपैकीं बरेच मिळवून केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजास दिले.

मुलांनो, थोर बुद्धीही चुकीच्या वाटेनें वर्षानुवर्षें चालूं शकते. मात्र न्यूटनने आकाशाचा हिशेब मांडतांना जुन्या समजुतीस आंकड्यांत ढवळाढवळ करूं दिली नाहीं. त्याचा हा प्रामाणिकपणा आपल्या वहींतील साध्या गणितालाही लागू आहे.