डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

मुलांनो, रक्ताच्या कॅन्सरचे नाव तुम्ही ऐकले असेल. आज हा रोग झालेली अनेक मुले औषधांनी बरी होतात. पण १९४७ पूर्वी त्यावर उपाय नव्हता. हा रोग झालेले मूल थोड्याच दिवसांत दगावत असे. त्यावरील पहिले गुणकारी औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले, ते शास्त्रज्ञ भारतीय होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

त्यांचे नाव डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचा जन्म १८९५ साली आंध्रमधील भीमवरम येथे झाला. घरची गरिबी होती. मॅट्रिकच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले; पण त्यांनी जिद्द सोडली नाही. तिसऱ्या वेळी ते पास झाले. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेऊन १९२३ मध्ये ते अमेरिकेला गेले. तेथे पोटासाठी त्यांनी रुग्णालयात रात्रपाळीत हमालाचे कामही केले.

१९४० मध्ये ते लेडरले कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व तयार केले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना दिसले, की या जीवनसत्त्वाने रक्ताचा कॅन्सर वाढतो. मग त्याचे काम अडवणारे औषध दिले तर? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने तसे औषध बनवले. त्याचे नाव अमिनोप्टेरिन.

फार्बर यांनी ते १६ आजारी मुलांना दिले. औषध फार तीव्र होते. १० मुलांची प्रकृती सुधारली. पण काही काळाने रोग पुन्हा उलटला.

मग हा प्रयोग वाया गेला का? नाही. औषधाने हा रोग मागे हटतो, हे जगाला कळले. तेथूनच पुढच्या औषधांची वाट मोकळी झाली. याच जातीचे मेथोट्रेक्सेट आजही वापरतात.

आता नवे औषध प्रथम थोड्याच रुग्णांना, कमी प्रमाणात देतात. शरीराला ते किती सोसते, हे पाहतात. त्याआधी रुग्णाची संमती घेतात. स्वतःला गुण येईलच, याची खात्री नसतानाही काही रुग्ण पुढच्या रुग्णांसाठी तयार होतात.

१९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी सुब्बाराव वारले. मुलांनो, त्यांची आठवण ठेवाल, तेव्हा त्या १६ मुलांनाही विसरू नका.