नर्व्ह ब्लॉक आणि विल्यम हॉल्स्टेड

घोट्याचं ऑपरेशन असलं की भूलतज्ज्ञ बऱ्याचदा गुडघ्यामागे, पायाकडे जाणाऱ्या नसेजवळ इंजेक्शन देतात. मग ऑपरेशन झाल्यावरही कित्येक तास पाय दुखत नाही. हा झाला नर्व्ह ब्लॉक. त्याची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड.

त्यांचा जन्म १८५२ चा, न्यूयॉर्कमधला. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखवला. हे कळल्यावर हॉल्स्टेड यांनी पुढचा विचार केला. वेदना ज्या नसेतून मेंदूकडे जाते, त्या नसेपाशीच औषध टोचलं तर? तिच्या पुढचा सगळा भाग बधिर होतो! जबड्याच्या नसेवर हे जमलंही.

पण हे प्रयोग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्वतःवरच केले. कोकेनचं व्यसन किती घट्ट असतं, हे तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. हॉल्स्टेड त्यात अडकले. उपचारात मॉर्फिन मिळालं आणि तेही जडलं. तरी पुढे ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात सर्जरीचे प्रमुख झाले, ऑपरेशनसाठी रबरी हातमोजे आणले. १९२२ मध्ये ते वारले.

आज कोकेनऐवजी बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन वापरतात आणि सोनोग्राफीवर नस बघून सुई घालतात. ब्लॉकमुळे पेशंटला मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात. हॉल्स्टेड यांना मात्र तेच मॉर्फिन वर्षानुवर्षं सुटलं नव्हतं.