हाडे जळाली, ग्रंथ उरला

स्पेनच्या भूमीवर मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी सुमारे आठशे वर्षे शेजारी राहिले. लढाया झाल्या, जुलूमही झाले. पण कुर्तुबा आणि तोलेदो या शहरांत अरबी, हिब्रू आणि लॅटिन ग्रंथांची देवाणघेवाणही होत राहिली. जानेवारी १४९२ मध्ये ग्रॅनाडा हे तिथले शेवटचे मुस्लिम राज्य पडले. त्याच मार्चमध्ये फर्मान निघाले : यहुदींनी ख्रिस्ती व्हावे, नाहीतर देश सोडावा. दहा वर्षांनी कॅस्टाइलच्या मुसलमानांवरही तीच वेळ आली.

घरदार सोडून शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेलेल्या हजारो यहुदींमध्ये एक जोडपे होते. तिथेही १४९७ मध्ये सक्तीने धर्मांतर झाले. या जोडप्याला सरहद्दीवरच्या कास्तेलो द व्हिदे गावी १५०१ च्या सुमारास मुलगा झाला. हेच गार्सिया द ऑर्ता. ज्या स्पेनने आईवडिलांना हाकलले, त्याच स्पेनच्या सालामांका आणि अल्काला विद्यापीठांत त्यांनी वैद्यक शिकले. पुढे लिस्बनला अध्यापन केले. मात्र धर्मांतरितांकडे संशयाने पाहणारे डोळे तिथेही होते. १५३४ मध्ये ते मार्तिम अफोन्सो द सौझा यांच्या आरमाराबरोबर गोव्यात उतरले आणि मरेपर्यंत इथेच राहिले.

वैद्य म्हणून त्यांचे नाव अहमदनगरला पोहोचले. तिथे बुऱ्हाण निजामशहांची सत्ता होती; दौलताबादचा किल्लाही त्यांच्याच ताब्यात. हे घराणे मूळचे पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचे, असे फरिश्ता हा इतिहासकार नोंदवतो. ऑर्तांनी या सुलतानांवर अनेकदा उपचार केले. दरबारात हकिमांशी त्यांच्या चर्चा रंगत. सुलतान त्यांना रोगांची आणि औषधांची अरबी नावे सांगत, ऑर्ता त्यांना लॅटिन नावे शिकवत. एक इस्लामी राजा, एक जन्माने ख्रिस्ती ठरवलेला यहुदी वैद्य. दोघांमध्ये इब्न सीनांचे वैद्यकशास्त्र होते. कुर्तुबाची जुनी रीत दख्खनमध्ये पुन्हा सुरू झाल्यासारखेच ते होते.

या साऱ्या अनुभवाचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. भारतात छापलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी तो एक. हिंग, मिरी, वेलदोडा, आंबा, अफू यांची माहिती त्यात दोन वैद्यांच्या संवादातून येते. पटकीच्या साथीचे वर्णनही आहे. त्या रोगाचे इथले ‘मोडशी’ हे नाव ते देतात आणि अरबी नावही, जे आपल्याकडे ‘हैजा’ म्हणून रुळले आहे. जुन्या ग्रीक आचार्यांचे चुकले तिथे चुकले असे ते लिहितात, आणि स्पेनमध्ये असतो तर हे धाडस झाले नसते, अशी कबुलीही देतात. चारच वर्षांत क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ग्रंथाचा लॅटिन सारांश काढला आणि तो युरोपभर वाचला गेला.

पण स्पेनमधून सुरू झालेला पाठलाग थांबला नव्हता. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय आले. १५६८ मध्ये ऑर्ता वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला छुपी यहुदी ठरवून जाळण्यात आले. भावावरही तोच आरोप ठेवला गेला. १५८० मध्ये त्यांची हाडे कबरीतून उकरून काढली आणि जाळली. मेलेल्या माणसालाही शिक्षेतून सूट मिळाली नाही.

आज पणजीच्या चर्च चौकातील बागेला ऑर्तांचे नाव आहे. धर्मन्यायालय कधीच बंद झाले. ऑर्तांचा ग्रंथ मात्र अजून वाचला जातो, आणि औषधांची नावे एकमेकांना शिकवणारे सुलतान आणि वैद्य त्यात अजून भेटतात.