कोटाआडचा कॅमेरा

शाळेत फोटोच्या दिवशी आम्ही मुलांना सांगतो, सरळ उभे राहा, हसा. लगेच सर्वांचे चेहरे बदलतात. वॉकर इव्हान्स यांना हा बदलच नको होता.

१९०३ साली अमेरिकेत सेंट लुइस येथे जन्मलेले इव्हान्स लेखक होण्याच्या इच्छेने पॅरिसला गेले होते. पुढे हाती कॅमेरा आला. १९३६ मध्ये अलाबामातील गरीब शेतकरी कुटुंबांची त्यांनी काढलेली छायाचित्रे फार नावाजली गेली. तेथे माणसे कॅमेऱ्याकडे पाहत उभी असत.

१९३८ पासून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मात्र त्यांनी छोटा कॉन्टॅक्स कॅमेरा काळा रंगवून कोटाखाली लपविला. भिंग दोन गुंड्यांमधून डोकावे, कळ दाबण्याची तार बाहीतून हातात येई. डोळा लावून पाहणे शक्यच नव्हते. समोरचा प्रवासी आपल्याच विचारात गढला की ते तार दाबत. १९४१ पर्यंत अशी ६०० हून अधिक छायाचित्रे निघाली.

न विचारता घेतलेले हे चेहरे! ती टोचणी त्यांनाही होती. काही काळ जाऊ दिल्यावर १९६६ साली निवडक ८९ छायाचित्रांचे पुस्तक निघाले. १९७५ मध्ये ते वारले.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. ते थांबणे मात्र आम्हां सर्वांना अजून शिकायचे आहे.