दमणला गेलेला संपादक

फोर्टातली ‘मुंबई समाचार’ची लाल इमारत दिसली, की मला फर्दुनजी मर्झबान आठवतात. सुरतेहून आलेल्या या पारशी गृहस्थांनी मुंबईत आधी पुस्तकबांधणी केली, मग १८१२ मध्ये छापखाना काढला. गुजराती खिळे आयते कुठे मिळणार? ते त्यांनी स्वतः पाडले. घरच्या बायकांनी ते घासून गुळगुळीत केले, असे सांगतात. १८१४ मध्ये पंचांग छापले आणि १ जुलै १८२२ रोजी साप्ताहिक ‘समाचार’ निघाला. आपल्या बाळशास्त्रींचे ‘दर्पण’ यायला अजून साडेनऊ वर्षे होती!

पुढे पारशांत कालगणनेचा कबिसा-वाद पेटला. एका महिन्याच्या फरकापायी सोयरे सोयऱ्यांशी बोलेनासे झाले. फर्दुनजी त्या भांडणात उतरले आणि त्यांनी शत्रू जोडले. त्यातच चीनच्या व्यापारात पैसा बुडाला. १८३२ मध्ये पत्र सोडून, सावकारांना चुकवत ते पोर्तुगीजांच्या दमणला गेले.

बँकेत असताना अशा कर्जदाराच्या कागदावर मी बिनदिक्कत ‘फरारी’ लिहिले असते. आज हात अडखळतो.

‘समाचार’ दैनिक झाला तो १८५५ मध्ये. फर्दुनजींनी त्याआधी आठ वर्षे, दमणलाच डोळे मिटले होते.